सुकी खोळ

मिठागरावर पाऊस म्हणजे वैरी. शेतकरी ज्याच्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो, त्याच्याच नावानं मिठागरावरची माणसं बोटं मोडतात. त्या वर्षी तो नको तेव्हा आला. वाफे पांढरेशुभ्र झाले होते, बांधावर राशी लागल्या होत्या, गोण्या भरायला सुरुवात झाली होती आणि एका दुपारी बघता बघता निम्म्या राशींचं पाणी झालं. टोळीतली बायामाणसं धावली. ताडपत्र्या, पत्रे, अंगातले सदरे, हाताला लागेल ते राशींवर टाकलं. मुकादम छत्रीखाली उभा राहून शिव्या घालत होता. जसा काही पाऊस टोळीनंच बोलावून आणला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, भिजलेलं मीठ उपसायचं, पुन्हा वाळत घालायचं आणि त्या कामाची मजुरी मागायची नाही.

"मालकाचं केवढं नुकसान झालंय. तुम्ही पण थोडं सोसा."

सोसायला हीच माणसं आणि नफा झाला की मालकाला हे कोण कुठले! पण कोणी बोललं नाही. बोलला तो नेमका टोळीतला सगळ्यात घुमा माणूस. दोन भाऊ टोळीत होते, थोरला आणि धाकटा. थोरल्याचं तोंड दिवसभर बंद नसायचं. धाकटा सकाळी एक वाक्य बोलला तर संध्याकाळपर्यंत त्याच्यावर भागवायचा. त्या दिवशी त्यानं हातातली पाटी मुकादमाच्या पायाशी आपटली आणि म्हणाला, "याच मिठात पुरला जाशील एक दिवस."

सगळी टोळी हसली. शिवी ऐकून नाही, धाकटा बोलला म्हणून हसली. मुकादम मात्र हसला नाही.

"सगळ्यांनी ऐकलंय हां," तो म्हणाला.

आणि सगळ्यांनी खरंच ऐकलं होतं.

टोळीचं दिवसाचं बिऱ्हाड म्हणजे बांधाच्या टोकाला असलेली पत्र्याची शेड. फावडी एका कोपऱ्यात, पाट्या दुसऱ्यात, आणि भिंतीला खुंट्यांची रांग. खुंट्यांवर खोळी. गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की झाली खोळ. ती डोक्यावरून पाठीवर सोडायची आणि वर गोणी घ्यायची. ओलं मीठ गोणीतून ठिबकतं, मानेवर उतरतं आणि दिवसभरात कातडं सोलून काढतं. खोळ नसेल तर माणूस दुसऱ्या दिवशी मान वळवू शकत नाही.

या खोळी कोणाच्याच नव्हत्या. टोळीचा नियम एकच, सुकी असेल ती पहिल्याची. सकाळी जो आधी येईल त्यानं सुकी उचलायची, उशिरा येणाऱ्यानं कालची ओली डोक्यावर घेऊन कुरकुरायचं. तिलाच घाम पुसायचा, तिलाच नाक पुसायचं, तळहात फुटला की तिच्याच काठात मूठ दाबून धरायची. धुवायची कोणी नाही. धुतलं की गोणपाट आखडतं. फाटली तर धाकट्याची बायको शिवायची.

हिला टोळीत ठिणगी म्हणायचे. नवरा जेवढा गप्प तेवढी ही तडतडी. नवऱ्याच्या वाटणीचंही हीच बोलते, असं शेडमध्ये सगळे चिडवायचे, आणि त्यावरही तिच्याकडे उत्तर तयार असायचं.

पाटी आपटल्यानंतर दोनतीन दिवसांतली गोष्ट. सकाळी पहिली आलेली बाई पाणी आत घ्यायची फळी उघडायला खाडीच्या बाजूला गेली आणि किंचाळत परत आली. मुकादम राशीच्या पायथ्याशी पालथा पडला होता. डोक्याच्या मागे फावड्याचा घाव. डोक्यावर खोळ ओढलेली, निळं ठिगळ लावलेली.

ते ठिगळ ठिणगीनं लावलं होतं. तिच्याच जुन्या झग्याचं होतं ते. सुई तिची, दोरा तिचा, दोरा तोडला तो तिच्या दातांनी. आदल्या दिवशी दुपारपर्यंत ती खोळ तिच्याच डोक्यावर होती.

पोलीस आले. मोठे साहेब शेडमधल्या एकुलत्या खुर्चीवर, म्हणजे मेलेल्याच्याच खुर्चीवर बसले. निळ्या ठिगळाची खोळ त्यांनी कागदी पिशवीत घातली, फावडं घेतलं. खुंट्यांवरच्या बाकीच्या खोळींकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. फावड्यावर मिठानं काही ठेवलं नव्हतं. पण खोळीच्या आतल्या काठाला बारीक डाग होते.

"रक्त आहे, घाम आहे, थुंकी आहे, काय आहे ते प्रयोगशाळा सांगेल," साहेब म्हणाले. "माणूस खोटं बोलतो, डीएनए बोलत नाही. ज्यांना यातून मोकळं व्हायचंय त्यांनी पुढं यायचं. दुखत नाही, गालाच्या आतून कापूस फिरवायचा, झालं. जबरदस्ती नाही. पण जो येणार नाही त्याचं नाव मी लक्षात ठेवीन."

टोळी जमिनीकडे बघत उभी राहिली. मग थोरला पुढं झाला. स्वतःसाठी नाही. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं त्यालाच पुढं केलं.

"जा रे. तू त्या दिवशी बोललास, उगाच लोकांच्या मनात राहील. कर नाही त्याला डर कशाला?"

"आणि तुम्ही, भावजी?" ठिणगीनं विचारलं.

"एका घरातले दोघं कशाला? एक दिला की घर मोकळं झालं."

धाकट्यानं तोंड उघडलं. साऱ्या आयुष्यात मन लावून उघडलं ते तेवढंच. शिपायानं कापूस फिरवला, नळीत घातला, वर नाव लिहिलं. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. दुसरं कोणी आलं नाही. साहेबांनी नावंही लक्षात ठेवली नाहीत. त्यांना एक मिळाला होता, तेवढा पुरे होता.

मुकादमाची जागा रिकामी राहून चालणार नव्हतं. गाड्या भरायची लदणी खोळंबली होती. मालकानं थोरल्याला बोलावून घेतलं. संध्याकाळी थोरला परत आला तो मुकादमाची शिट्टी गळ्यात घालूनच. घरी आईनं त्याची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

काही आठवड्यांनी पोलिसांची गाडी आली आणि धाकट्याला वाफ्यातून उचलून घेऊन गेली. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा होता तो. हातातलं फावडं बांधावर नीट आडवं ठेवून, पाय न धुता गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत होतं. डीएनए सापडला. मुकादमाच्या डोक्यावरच्या खोळीत धाकट्याचा डीएनए सापडला. मीठमिरची लावायला माणसं होतीच. कोणी म्हणालं, रक्तानं माखलेला सदरा सापडला. कोणी म्हणालं, त्यानं कबूल केलं. जो माणूस चहा घेणार का विचारलं तरी उत्तर देत नाही, तो कबूल काय करणार?

ठिणगीनं चौकीत जाऊन सांगितलं, की त्या रात्री नवरा घरी होता. टाचांच्या भेगा इतक्या खोल गेल्या होत्या की त्याला पाय टेकवत नव्हते. तिनं मेण वितळवून भेगांमध्ये भरलं होतं आणि पाय उशीवर ठेवून त्याला झोपवलं होतं.

"साक्षीदार?"

"मी."

"तू बायको. तू दुसरं काय सांगणार?"

बायकोचं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि नळीतल्या कापसाचं खरं! ती चौकीच्या पायऱ्या उतरली. रडू आलं नव्हतं. समोर जे दिसेल ते उचलून आपटावंसं वाटत होतं आणि समोर फक्त रस्ता होता.

तिनं कामावर जाणं सोडलं नाही. घरी बसून कोण घालणार होतं खायला? पण गाडीत पाटी रिकामी करून ती उतरायला लागली की शिडी धरणारा हात बाजूला व्हायचा. डेऱ्यातलं पाणी ती प्यायली की मागची बाई पेला आधी विसळून घ्यायची. दिराची शिट्टी वाजली की तिनं पाटी उचलायची, दुसऱ्यांदा वाजली की ठेवायची. थोरला तिच्याशी थेट बोलत नसे. "तिला सांगा, पाटी अर्धी भरते," असं तो तिच्यापासून दोन हातांवर उभं राहून दुसरीला सांगायचा.

आणखी एक काम थोरल्यानं केलं. धाकट्याला नेल्यावर लगेच त्यानं खोळी वाटून दिल्या. प्रत्येकाची खोळ वेगळी, खुंटी वेगळी, प्रत्येक खोळीला वेगळ्या रंगाचा दोरा. "आता कोणी कोणाची वापरायची नाही," त्यानं बजावलं. स्वतःचीही ठेवली. मुकादम झाला तरी गाडीखाली उभं राहून गोण्या मोजाव्या लागतात, वरून खारं पाणी गळतंच. तिच्या काठाला त्यानं पिवळा दोरा बांधला. धाकट्याच्या वाटणीची खुंटी रिकामी राहिली, मग तिच्यावर नव्याची खोळ आली. नवा म्हणजे धाकट्याच्या जागी भरलेला गडी. कुठल्या तरी लांबच्या मिठागरावरून आला होता. बडबड्या, कामाला चांगला. त्याला या सगळ्याचं घेणं ना देणं.

घरात तर वेगळाच जाच. सासू जेवता जेवता हात थांबवायची.

"मशीन कशाला खोटं बोलेल गं?"

"आई, तुमच्याच पोटचा आहे ना तो?"

"म्हणून तर जीव तुटतो. रागाच्या भरात झालं असेल. त्याचा बाप पण असाच होता, गप्प गप्प राहायचा आणि एकदम उसळायचा."

ठिणगीनं ताट पुढं सरकवलं. परक्यांनी मारलेलं लागत नाही असं नाही, पण ते सांगता तरी येतं.

सरकारनं दिलेली वकील होती. तरुण होती, कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या डबा खायची, आणि सतत कुठली तरी तारीख चुकेल या धाकात असायची. पहिल्या दोन भेटींत ठिणगी तिच्यावरही ओरडली. तिसऱ्या भेटीत वकीलबाईनं तिला बाकावर बसवलं.

"प्रयोगशाळेचा अहवाल मी वाचला. त्यात धाकट्याचा डीएनए सापडला असं लिहिलेलंच नाही."

"मग पकडलं कशाला?"

"ऐका आधी. डाग अगदी बारीक होते. त्यात एका माणसाचं काही नाही, निदान चारजणांचं एकात एक मिसळलेलं आहे. आणि तेही तुटक, अर्धमुर्धं. चार भांड्यांचे तुकडे एका टोपलीत टाकले आणि अर्धे हरवले, तर कुठला तुकडा कुठल्या भांड्याचा ते कसं सांगणार? प्रयोगशाळेनं लिहिलंय, या मिश्रणातून तुमच्या नवऱ्याला वगळता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तो असू शकतो. नसूही शकतो. नाहीच, असं म्हणता येत नाही, एवढंच."

ठिणगी बाकावरून उठली.

"आणि बाकीच्यांना वगळता आलं?"

वकीलबाईनं डब्याचं झाकण लावलं. "बाकीच्यांना ताडून पाहिलंच नाही. नमुना एकाचाच होता."

कोर्टाचा व्हरांडा होता म्हणून, नाहीतर ठिणगीनं तिथंच बोंब ठोकली असती. एकाचाच होता! टोळीभर माणसांनी जी खोळ डोक्यावर घेतली, जिला नाकं पुसली, जिच्यात फुटलेले हात दाबले, ती एकाच माणसाच्या कापसाशी ताडून पाहिली आणि म्हणे सापडला. जाळ्यात एकच मासा सोडायचा आणि मग म्हणायचं, बघा, बरोब्बर हाच लागला.

"बाकीच्यांनी आपणहून नमुने दिले," वकीलबाई म्हणाली, "तर मी कोर्टाकडून ते तपासायला लावीन. पण जबरदस्ती करता येणार नाही. विचारून बघा."

तिनं दुपारच्या सुट्टीत विचारलं. टोळी शेडमध्ये डबे सोडून बसली होती. थोरला खुर्चीवर होता. तिनं डबा उघडलाच नाही, मधोमध उभी राहिली.

"ती निळ्या ठिगळाची खोळ कोणी कोणी वापरली होती?"

कोणी मान वर केली नाही.

"पैलवान, तुम्ही?"

पैलवान हा टोळीतला सगळ्यात काटकुळा माणूस, वारा आला तर आधी त्याला धरावं लागायचं. तो घास चघळत राहिला.

"अहो, त्या दिवशी तळहात फुटला होता तुमचा. तिच्याच काठाला रक्त पुसलंत. मी ओरडले नव्हते का, आत्ताच शिवली आहे म्हणून?"

"असेल. आठवत नाही."

"बरोबर. कोणालाच आठवत नाही. सगळे मिठाची गुळणी धरून बसलात. अरे, तो तुमच्यासाठी भांडला. भिजलेलं मीठ फुकट उपसायला तुम्हालाही सांगितलं होतं ना? बोलला तो एकटा. आणि कापूस तोंडात घातला तोही एकट्यानं. आता आत बसलाय तोही एकटा. तुम्हाला जीव द्या म्हणत नाही मी. गालातून कापूस फिरवून द्या."

"आणि आमचं निघालं त्यात, तर?" मागून एक बाई म्हणाली.

"तर कळेल ना, की सगळ्यांचंच निघतं!"

"कळेल त्यांना. आम्ही आत बसल्यावर."

भीती खोटी नव्हती. तिच्या नवऱ्याचं जे झालं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. थोरला खुर्चीवरून उठला.

"जेवून घ्या. लदणी आहे. तिला सांगा, कामाच्या जागी कोर्टकचेरी नको."

"मला काय सांगायचं ते मला सांगा, भावजी. मी इथंच उभी आहे. तुम्ही देता का कापूस? सख्खे भाऊ आहात. तुमचं रक्त तर सगळ्यात जवळचं."

थोरल्यानं शिट्टी वाजवली. सुट्टी संपायला अजून वेळ होता, तरी वाजवली.

माणसं उठायला लागली. तेवढ्यात नवा हात झटकत पुढं आला.

"मी देतो की. मला कसली भीती? तो मेला तेव्हा मी या मुलखात पण नव्हतो. त्या खोळीचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही मी."

"मग तुझा देऊन काय उपयोग?" कोणीतरी म्हणालं, आणि दोघं हसले.

"बाईंचा आकडा वाढेल," नवा म्हणाला. "मी यांच्या नवऱ्याच्या खुंटीवर खोळ टांगतो. तेवढं तरी करावं माणसानं."

पैलवान शेडच्या दारात थांबला होता. त्यानं स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. तिथं जुन्या जखमेचा पांढरा वळ होता.

"पुसलं होतं मी रक्त," तो म्हणाला. "माझा पण घ्या."

बस, एवढेच. नवा, पैलवान आणि ठिणगी स्वतः. थोरल्याच्या बायकोनं त्या संध्याकाळी ठिणगीला मागच्या दारी गाठलं. "जाऊबाई, यांना नको ओढूस यात. माझी पण मुलं लहान आहेत," असं म्हणून तिनं हात जोडले. ठिणगीला तिची कीवही आली आणि संतापही आला. तिनं फक्त तिचे जोडलेले हात खाली केले.

पुन्हा वाफ्यांत पाणी घेतलं, पुन्हा मीठ धरायला लागलं, पुन्हा राशी उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे कोर्टात सुनावणी लागली. धाकट्याला आणलं. तो गोरा पडला होता. मिठागरावरचा माणूस गोरा पडलेला बघवत नाही.

प्रयोगशाळेतल्या बाई साक्षीला आल्या होत्या. चष्मा, हातात कागद, थकलेला चेहरा. सरकारी वकिलानं सरळ विचारलं, खोळीत आरोपीचा डीएनए होता ना?

"मी तसं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वगळता येत नाही, असं लिहिलंय."

"तेच ते."

"तेच नाही ते."

मग धाकट्याची वकील उभी राहिली. तिनं नंतरच्या नमुन्यांबद्दल विचारलं. बाईंनी कागद उलटला. दुसरा नमुना, तो काटकुळा माणूस, त्यालाही वगळता येत नाही. तिसरी बाई. तिला वगळता येतं, तिचं काही मिळत नाही.

ठिणगीला आधी बरं वाटलं आणि मग एकदम तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिचं काही मिळत नाही! तिनं शिवली ती खोळ. तिच्या दातांनी तोडलेला दोरा त्यात होता, तिच्या मानेचं सालटं त्यात गेलं होतं. आणि मशीन म्हणतं, ही बाई या खोळीजवळ गेलेलीच दिसत नाही.

"आणि चौथा नमुना?" वकीलबाईनं विचारलं.

"त्यालाही वगळता येत नाही."

"हा माणूस मुकादम गेल्यानंतर या मुलखात पहिल्यांदा आला. आधीच्या मिठागरावरच्या मुकादमाची साक्ष झाली आहे. खोळ तेव्हा पोलिसांकडे सीलबंद होती. तो या मिश्रणात असू शकतो का?"

प्रयोगशाळेतल्या बाईंनी चष्मा काढला.

"नाही. असू शकत नाही. पण नमुना इतका थोडा आणि इतका मिसळलेला आहे, की त्यात कोणीही बसू शकतो. अशा डागावरून कोणाचंच नाव घेऊ नये. हे मला कोणी विचारलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं."

मागच्या बाकावरून नवा मोठ्यानं म्हणाला, "अरे बापरे, म्हणजे मी पण?" शिपायानं त्याला गप्प केलं. न्यायाधीश थोडं हसले. ठिणगीला हसू आलं नाही. कोणी विचारलं असतं तर! एक वर्ष त्या माणसानं भिंतीकडे बघत काढलं होतं, आणि ते कोणी विचारलं नाही म्हणून. पोलिसांचे मोठे साहेब तिकडे दाराशी फोनवर बोलत होते. त्यांच्याकडे कोणी बोटही दाखवलं नाही.

धाकटा सुटला. मुकादमाला कोणी मारलं ते तेव्हाही कळलं नाही, नंतरही नाही. शोधायचं कोणाला होतं?

घरी आल्यावर सासू त्याला बिलगून रडली. "मला माहीत होतं रे, माझा मुलगा असं करणार नाही." ठिणगी पाणी तापवायला उठून गेली. तिथं थांबली असती तर तोंडातून काहीतरी गेलं असतं. मग तिनं परातीत त्याचे पाय घेतले. टाचा चोळायला हात लावला आणि हात तसाच राहिला. भेगा बुजल्या होत्या. तळवे गुळगुळीत, मऊ, लहान मुलासारखे झाले होते. वर्षानुवर्षं मिठानं कमावलेलं कातडं तुरुंगाच्या फरशीवर गळून गेलं होतं.

"आता चार दिवस थांब," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर निघाला.

शेडमध्ये सगळे होते. कोणी म्हणालं, "आलास का, बरं झालं." कोणी फावडं पुढं केलं. नव्यानं आपली खोळ त्या खुंटीवरून काढून घेतली. "ही तुमची खुंटी," तो म्हणाला, आणि स्वतःची खांद्यावर टाकून उभा राहिला. थोरल्यानं खुर्चीमागून एक कोरी खोळ काढली. तिला लाल दोरा बांधलेला होता.

"ही तुझी. वेगळी. आता कोणाची वापरू नकोस. आणि तुझी कोणाला देऊ नकोस. उगाच पुन्हा..."

पुढचं वाक्य त्यानं गिळलं. धाकट्यानं खोळ घेतली. काही बोलला नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. तो बोलत नसे ही किती सोयीची गोष्ट होती.

पहिल्या खेपेलाच त्याचे तळवे फुटले. खारं पाणी ताज्या चिरांमध्ये गेलं की माणूस ओरडतो, तो ओरडला नाही, पण पाय उचलून टाकताना त्याचं सगळं अंग वाकडं होत होतं. गोणी खांद्यावरून निसटली. पैलवाननं ती सावरली. फावड्यानं तळहात सोलले. थोरला गाडीखाली उभा राहून मोजत होता. "हळूहळू सवय होईल," तो म्हणाला. ठिणगी पाटी डोक्यावर घेऊन त्याच्या शेजारून गेली. तिनं ओठ दातांखाली धरले होते.

दुपारच्या सुट्टीत टोळी शेडमध्ये आली. खोळी खुंट्यांवर गेल्या, लाल, हिरवे, काळे दोरे रांगेनं. थोरल्यानंही आपली पिवळ्या दोऱ्याची टांगली आणि तो हात धुवायला बाहेर गेला. धाकटा खाली बसला नाही. त्यानं आपली लाल दोऱ्याची खोळ हातात घेतली, तिच्या आतल्या काठात फुटलेला उजवा तळहात गच्च दाबला. मग डावा. रक्त नीट पुसलं, घाम पुसला, नाक पुसलं. टोळी घास हातात धरून बघत होती.

तो थोरल्याच्या खुंटीपाशी गेला. पिवळ्या दोऱ्याची खोळ काढून त्यानं आपल्या डोक्यावर घेतली आणि तिच्या जागी आपली टांगली.

थोरला हात झटकत आत आला तेव्हा तो तिथंच उभा होता.

"अरे, ती माझी आहे!"

"सुकी असेल ती पहिल्याची," धाकटा म्हणाला आणि बाहेर उन्हात गेला.

थोरला खुंटीसमोर उभा राहिला. काठावरचा लाल डाग अजून ओला होता. त्यानं हात पुढं केला, मागं घेतला. बाहेर गाडी लागली होती, वर गोण्या रचून ठेवल्या होत्या, पाणी ठिबकत होतं. सगळी टोळी त्याच्याकडे बघत होती.

"घाला की, भावजी," ठिणगी म्हणाली. "कर नाही त्याला डर कशाला?"

कोणी हसलं नाही. थोरल्यानं शिट्टी तोंडाला लावली, पण ती नीट वाजली नाही. तो उघड्या डोक्यानंच गाडीखाली जाऊन उभा राहिला, आणि लाल दोऱ्याची खोळ संध्याकाळपर्यंत त्याच्या खुंटीवर तशीच लटकत होती.